नववी चिप : घरच्या संगणकातल्या मेमरीच्या बिघाडाचा इतिहास

मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारा जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक मुळात मेमरीची चाचणी घेण्यासाठीच बांधला गेला. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी कॅथोड किरणांच्या नळीच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके उमटवून माहिती साठवण्याची युक्ती काढली होती. हे ठिपके प्रत्यक्ष कामाच्या वेगात टिकतात का, ते पाहण्यासाठी त्यांनी एक छोटे यंत्र उभे केले. त्याला पुढे ‘बेबी’ हे नाव पडले. त्याची सगळी मेमरी म्हणजे ३२ बिटांचे ३२ शब्द, अवघे १०२४ बिट. २१ जून १९४८ रोजी त्याने पहिला प्रोग्रॅम पूर्ण चालवला, त्याला ५२ मिनिटे लागली. गणित साधेच होते. महत्त्वाचे हे की एवढा वेळ एकाही ठिपक्याने दगा दिला नाही. ठिपके क्षणात विरत असल्याने यंत्राला ते सतत वाचून पुन्हा लिहावे लागत. हा खटाटोप पुढे चिपच्या मेमरीतही आला आणि अजून चालू आहे.

अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘व्हर्लविंड’ नावाचा संगणक बांधणाऱ्यांना अशाच नळ्यांनी जेरीस आणले होते. मेमरी सरासरी दोन तासांत एकदा बिघडे आणि तिच्या देखभालीत दिवसाचे चार तास जात. जे फॉरेस्टर यांनी यावर फेराइटच्या बारीक कड्यांची मेमरी सुचवली. प्रत्येक कडे एका दिशेने चुंबकित झाले की १, उलट दिशेने झाले की ०. या मेमरीची पारख करण्यासाठी तिथे ‘मेमरी टेस्ट कॉम्प्युटर’ नावाचा अख्खा निराळा संगणक बांधला गेला. तो उभारणारे तरुण इंजिनिअर केन ओल्सन यांनी पुढे डीईसी ही प्रसिद्ध संगणक कंपनी काढली. ऑगस्ट १९५३ मध्ये कड्यांची मेमरी व्हर्लविंडला जोडली गेली आणि देखभालीचा वेळ रोजच्या चार तासांवरून आठवड्याच्या दोन तासांवर आला.

कड्यांच्या मेमरीने दुरुस्ती करणाऱ्यांना एक धडा दिला. एखादे कडे वाचायचे तर त्याच्या आडव्या आणि उभ्या तारेतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडावा लागतो. त्या दोन तारांवरच्या इतर सगळ्या कड्यांनाही अर्धा धक्का बसतोच, आणि त्यांची कुजबुज मुख्य संकेतात मिसळते. ही कुजबुज सगळ्यात मोठी केव्हा होते, तर १ आणि ० बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून मांडलेले असतात तेव्हा. म्हणून तंत्रज्ञ मुद्दाम तोच नमुना भरून मेमरी तपासत. सगळीकडे शून्ये भरली की निर्दोष दिसणारी मेमरी विशिष्ट मांडणीत मात्र चुकते, हे तेव्हा कळले. आजचा प्रत्येक तपासणी प्रोग्रॅम याच पायावर उभा आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या आणि १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकातही फेराइट कड्यांचीच मेमरी होती, ४० बिटांचे २०४८ शब्द साठवणारी.

चूक शोधण्यापुरते न थांबता ती यंत्रानेच दुरुस्त करावी, ही कल्पना बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांची. शनिवार-रविवारी माणसे नसताना यंत्रावर लावून ठेवलेले त्यांचे काम पहिल्या चुकीलाच बाजूला टाकले जाई आणि सोमवारी हाती काही लागत नसे. चूक झाली एवढे यंत्राला कळते, तर कुठे झाली हेही कळायला काय हरकत आहे, या त्राग्यातून त्यांनी चूक सुधारणाऱ्या संकेतांची पद्धत शोधली. त्यांचा निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. आयबीएमच्या १९६१ सालच्या ‘स्ट्रेच’ या महासंगणकात माहितीच्या दर ६४ बिटांमागे तपासणीचे ८ जादा बिट होते. हे ७२ बिटांचे गणित पुढे सर्व्हरच्या मेमरीत दशकानुदशके टिकले. आठास एक, असा हा हिशेब आहे. घरच्या संगणकातल्या मेमरीच्या बिघाडाची सगळी कहाणी या जादा एकाभोवती फिरते.

संगणक घरात आला तो मात्र कडी घेऊन नव्हे, चिप घेऊन. आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचले की एक ट्रान्झिस्टर आणि एक बारीकसा कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवता येईल. कपॅसिटर भरलेला असला की १, रिकामा असला की ०. पण हे भांडे गळके असते. भार आपोआप झिरपतो, म्हणून ते ठरावीक काळाने वाचून पुन्हा भरावे लागते. म्हणून या मेमरीला डायनॅमिक रॅम, म्हणजे डीरॅम म्हणतात. इंटेलने १९७० मध्ये बाजारात आणलेली १०२४ बिटांची ११०३ ही चिप दर दोन मिलिसेकंदांनी ताजी करावी लागे. ती वापरायला त्रासदायक आणि मांडणीनुसार चुकणारी होती, पण स्वस्त होती, आणि काही वर्षांत तिने कड्यांची मेमरी मोडीत काढली.

भांडी जितकी लहान झाली तितकी ती हेलकाव्याने सांडू लागली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही चिपांमध्ये अशा चुका दिसू लागल्या की ज्या एकदा घडत आणि पुन्हा त्याच जागी सापडत नसत. चिप काढून तपासली तर निर्दोष. इंटेलमधले टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये याचा छडा लावला. चिप ज्या सिरॅमिकच्या आवरणात बसवत त्यात युरेनियम आणि थोरियमचे अंश होते. त्यांतून निघणारा एखादा अल्फा कण भांड्यातला भार उधळून लावी. पुढच्याच वर्षी आयबीएमचे जेम्स झिग्लर आणि येल विद्यापीठाचे विल्यम लॅनफर्ड यांनी अवकाशातून येणारे किरणही हेच करू शकतात असे दाखवले. तेव्हापासून मेमरीच्या चुकांचे दोन वर्ग पडले. एक क्षणिक, ज्यात चिप धडधाकट राहून फक्त माहिती बिघडते. दुसरी कायमची, ज्यात चिपचाच एखादा भाग निकामी होतो. क्षणिक चुकीचा दोष अवकाशावर ढकलता येतो, ही सोय पुढे अनेकांनी वापरली.

घरच्या संगणकाच्या पहिल्या पिढीत हे सगळे सूक्ष्म प्रश्न फार दूरचे होते. तिथे मेमरी बिघडे ती सांध्यात. ब्रिटनमधल्या सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स८१ या १९८१ च्या यंत्रात मूळ मेमरी एक किलोबाइट होती. जास्त हवी असेल तर १६ किलोबाइटची डबी मागच्या कडेला खोचावी लागे. कळफलकावर जरा जोरात बोट पडले की डबी हलायची आणि तासाभराचे टंकलेले सगळे पुसून जायचे. ब्रिटनमधल्या घराघरांत चिकटपट्टी, रबर बँड आणि भिंतीवर चित्रे लावायचा चिकट लगदा वापरून ती डबी बांधून ठेवलेली असे. घरगुती मेमरी-दुरुस्तीचा हा पहिला सार्वत्रिक प्रकार म्हणता येईल. त्याच कंपनीने १९८२ च्या स्पेक्ट्रममध्ये याहून धाडसी काम केले. ४८ किलोबाइटच्या यंत्रातली वरची ३२ किलोबाइट मेमरी अर्ध्या खराब चिपांची होती. ६४ किलोबिटच्या ज्या चिपांचा एक अर्धा भाग कारखान्यातच नापास झाला, त्या स्वस्तात घेऊन त्यांचा चांगला अर्धा भाग तेवढा वापरला जाई, आणि कुठला अर्धा चांगला हे बोर्डावरच्या एका तारेने ठरवले जाई. म्हणजे सदोष मेमरी घेऊनच यंत्र विकले जात होते, फक्त दोष कुठे आहे ते आधीच ठाऊक होते. परवाना घेऊन बनवलेला स्पेक्ट्रम पुढे भारतातही विकला गेला.

अमेरिकेत १९८० च्या ॲपल-३ मध्ये चिपा तापून सॉकेटमधून हळूहळू वर सरकत. त्यावरचा उपाय तर दंतकथा वाटावा असा आहे. यंत्र टेबलापासून सुमारे तीन इंच उचलून खाली सोडून द्यावे, म्हणजे चिपा पुन्हा जागेवर बसतात, असा सल्ला ग्राहकांना दिला गेला. चिप सरकण्याचे हे दुखणे त्या एका यंत्रापुरते नव्हते. गरम होणे आणि थंड होणे या रोजच्या फेऱ्यांत सॉकेटमधली प्रत्येक चिप थोडी थोडी सुटत जाते. म्हणून त्या काळातल्या दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे झाकण उघडून प्रत्येक चिप अंगठ्याने दाबणे.

कमोडोर-६४ मध्ये चिपा बहुधा बोर्डावर झाळलेल्या असत, त्यामुळे अंगठ्याचा उपयोग नव्हता, बोटाचा होता. आठ चिपांपैकी प्रत्येक चिप प्रत्येक बाइटचा एक बिट सांभाळी. त्यामुळे एक गेली तरी अख्खे यंत्र आंधळे व्हायचे आणि पडदा काळा राहायचा. दुरुस्ती करणारा यंत्र चालू करून चिपांवरून बोट फिरवी. जी चटका देते ती मेली असे समजावे. खात्री करायची तर संशयित चिपच्या पाठीवर तसलीच चांगली चिप पाय जुळवून दाबून धरत. पडदा उजळला तर खालची चिप दोषी. कंपनीने दुरुस्ती केंद्रांसाठी एक चाचणीचे कार्ट्रिजही काढले होते. मेमरी इतकी बिघडलेली असेल की पडद्यावर अक्षरही उमटत नाही, तर ते पडदा लुकलुकवून सांगे, आणि लुकलुक किती वेळा झाली त्यावरून कितवी चिप गेली ते कळे.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेला पीसी या मंडळींत वेगळा होता. आयबीएमने मोठ्या यंत्रांतली शिस्त लहान यंत्रात आणली. मेमरीच्या प्रत्येक ओळीत आठ नव्हे, नऊ चिपा बसवल्या. नववी चिप माहिती साठवत नसे. बाकीच्या आठांमध्ये १ किती आहेत ते मोजून एकूण संख्या विषम राहील असा बिट ती जपून ठेवी. वाचताना संख्या सम निघाली की काहीतरी बदलले हे उघड. याला पॅरिटी म्हणतात. तिला दोन मर्यादा आहेत. कुठला बिट बदलला ते ती सांगू शकत नाही, आणि दोन बिट एकाच वेळी बदलले तर तिला पत्ताच लागत नाही. पण बहुतेक चुका एकेका बिटाच्या असतात, म्हणून एवढा साक्षीदार पुरेसा होता.

यंत्र सुरू होताना स्वतःची तपासणी करी, आणि मेमरीत दोष निघाला तर पडद्यावर २०१ हा क्रमांक आणि त्याआधी चार अक्षरांचा संकेत उमटे. त्यातली पहिली दोन अक्षरे चिपांची ओळ सांगत, पुढची दोन त्या ओळीतला बिट. ०१ असेल तर पहिली चिप, ०२ असेल तर दुसरी, ०४ असेल तर तिसरी, ०८ असेल तर चौथी, असे दुपटीने वाढत जाणारे आकडे. शेवटी ०० आले तर समजायचे की साक्षीदारच बिघडला आहे, म्हणजे नववी चिप गेली. एवढा नेमका पत्ता घरच्या संगणकाने आपल्या मालकाला नंतर क्वचितच दिला. १९८४ च्या मॅकिंटॉशने सुरुवातीच्या तपासणीत दोषी चिपचा संकेत दाखवण्याची सोय केली, रडव्या चेहऱ्याच्या चित्राखाली, पण तिथे नववी चिप नव्हती. एकदा यंत्र सुरू झाले की पुढे पहारा नाही.

पीसीवर पहारा सतत होता, आणि लोकांना तो नकोसा झाला. काम करता करता चूक सापडली की पडद्यावर ‘पॅरिटी चेक’ एवढे शब्द येत आणि यंत्र जागच्या जागी थांबे. न साठवलेले पत्र, हिशेबाचा तक्ता, सगळे गेले. चुकीची आकडेमोड निमूटपणे पुढे ढकलण्यापेक्षा थांबणे हे यंत्राचे प्रामाणिक वागणे होते, पण मालकाला ते बिघाडासारखे वाटे. आग लागल्याची वर्दी देणाऱ्यालाच दोष द्यावा, तसा हा प्रकार झाला.

सुट्या चिपांची जागा १९८० च्या दशकात पट्ट्यांनी घेतली. वँग लॅबोरेटरीजने १९८३ मध्ये नऊ चिपा एका लहान पट्टीवर बसवण्याची सिम ही पद्धत काढली. चिप सरकण्याचा प्रश्न सुटला, पण चिपेच्या पायांऐवजी आता पट्टीच्या कडेच्या टाचा आणि स्लॉटमधल्या पात्या यांच्यात नवा संसार सुरू झाला. पट्टीच्या टाचा सोन्याच्या आणि स्लॉटच्या कथलाच्या, किंवा उलट, असे झाले की सूक्ष्म थरथरीने कथलावर गंज चढतो आणि स्पर्श तुटक होतो. बिघाड चिपेत नाही, कडेला आहे, ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्यांच्या अंगवळणी पडायला फार वेळ लागला नाही.

नववी चिप गेली ती पैशामुळे. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपा बंद करण्यासाठी लागणाऱ्या इपॉक्सी राळेचा जगातला मोठा हिस्सा तिथे तयार होत असल्याने मेमरीचे भाव उसळले. घरच्या संगणकात मेमरी हा एक महाग भाग होऊन बसला, आणि आठाच्या कामासाठी नवाचे पैसे का द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला पडू लागला. काही उत्पादकांनी त्यावर एक लबाड तोड काढली. पट्टीवर नववी चिप दिसे, पण ती मेमरी नसे. वाचताना आठ बिट जसे असतील तशी त्यांची पॅरिटी जागेवरच मोजून ती हजर करी. आठ बिट बिघडलेले असले तरी तिची साक्ष त्यांच्याच बाजूने. तिच्यावर ‘सगळे ठीक’ असे कायमचे छापलेले असल्यासारखेच. मेमरीच्या इतिहासात याहून निर्लज्ज वस्तू शोधून सापडणार नाही. १९९५ मध्ये इंटेलने पेंटियमसाठी काढलेल्या ४३०एफएक्स या लोकप्रिय चिपसेटने पॅरिटीची सोयच काढून टाकली. खोट्या साक्षीदाराची गरज उरली नाही, कारण खऱ्याला कुणी बोलावतच नव्हते.

साक्षीदार गेल्यानंतर मेमरीचा दोष वेष पालटून फिरू लागला. झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येई. विंडोज बसवता बसवता मध्येच एखादी फाइल सापडत नसे. खेळ अचानक बंद पडे. विंडोजचा निळा पडदा दर वेळी निराळे कारण दाखवी. या विविधतेतच खरी खूण होती. प्रोग्रॅमचा दोष ठरावीक जागी, ठरावीक कृतीनंतर येतो, मेमरीचा दोष कुठेही येतो. पण दोष बहुतेकदा विंडोजच्या माथी मारला जाई आणि उपाय ठरलेला असे, मशीन फॉरमॅट करणे. फॉरमॅटनंतर दोन दिवस बरे वाटायचे, कारण मेमरीतली बिघडलेली जागा तेवढे दिवस वापरात येत नसे. त्यातही एक नुकसान होई ते दिसत नसे. बिघडलेल्या मेमरीतून गेलेली फाइल डिस्कवर चुकीची लिहिली जाई, आणि पट्टी बदलल्यावरही ती चूक तिथेच राही.

महाराष्ट्रात घरोघर संगणक आला तो बहुतांशी जुळवलेला, म्हणजे असेंबल्ड. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, अधिकृत नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही सुट्या भागांची मोठी बाजारपेठ होती आणि आहे. ब्रँडेड यंत्राबरोबर येणारी दुरुस्तीची जाडजूड पुस्तिका अशा संगणकाबरोबर येत नसे. म्हणून निदान कानाने व्हायचे. मशीन सुरू केले आणि डिस्प्ले आला नाही, आतून लांबलचक बीप पुन्हा पुन्हा वाजू लागली, की ‘रॅम गेली’ किंवा ‘रॅम लूज झाली’. काही संगणकांच्या बायोस या सुरुवातीच्या प्रोग्रॅमात हीच गोष्ट तीन छोट्या बिपांनी कळे. त्यानंतरचे साधन होते कंपासपेटीतले खोडरबर. पट्टी काढायची, सोनेरी टाचांवर दोन्ही बाजूंनी खोडरबर घासायचे, फुंकर मारायची आणि कट् असा आवाज येईपर्यंत पट्टी परत दाबायची. बऱ्याच वेळा मशीन चालू होई, आणि कोकणापासून विदर्भापर्यंत या उपायाची ख्याती पसरली. पावसाळ्यात दमट हवेने टाचांवर जो थर चढतो तो खरोखरच निघतो. पण अनेकदा गुण खोडरबराचा नसून काढून पुन्हा लावण्याचा असतो. खोडरबराने सोन्याचा अतिपातळ मुलामाही घासला जातो, आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवाच बिघाड उभा राहतो. फुंकरीतला ओलावा तर निखालस वाईट. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हे काम अधिक सभ्यपणे करतो. वीज काढून, हात लोखंडी पेटीला टेकवून अंगातला स्थिर भार घालवल्यावरच पट्टीला हात लावावा, हा नियम मात्र उपाय कोणताही असो, लागू पडतो.

चिपेला साक्षीदार उरला नाही तेव्हा लोकांनी प्रोग्रॅमचा साक्षीदार उभा केला. १९९० च्या दशकात लिनक्स वापरणाऱ्यांच्या लक्षात आले की लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल कंपाइल करताना कंपायलर ‘सिग्नल ११’ देऊन मरतो, दर वेळी निराळ्या फाइलवर, तेव्हा दोष बहुधा मेमरीत असतो. कर्नल कंपाइल करणे ही इतकी कठोर चाचणी ठरली की काहीजण त्यासाठीच ते करत. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये यासाठी खास प्रोग्रॅम लिहिला, मेमटेस्ट८६. तो एका फ्लॉपीवर मावे आणि संगणक थेट त्याच फ्लॉपीवरून सुरू होई. यामागे कारण होते. विंडोज किंवा लिनक्स चालू असताना मेमरीचा मोठा भाग त्यांनीच अडवलेला असतो, आणि जिथे कुणी बसले आहे ती जागा तपासता येत नाही. मेमटेस्ट स्वतः ज्या जागेत बसलेला असतो तिची पाळी आली की तो उठून दुसरीकडे बसतो.

त्याची मुख्य चाचणी अशी. सगळ्या मेमरीत एक नमुना भरायचा. मग खालच्या पत्त्यापासून वर जात प्रत्येक जागा वाचून पडताळायची आणि लगेच तिथे उलटा नमुना लिहायचा. वर पोचल्यावर उलट्या दिशेने तेच करत खाली यायचे. शेजारच्या जागेवर लिहिल्याने आपली जागा बिघडते का, एका पत्त्यावर लिहिलेले दुसऱ्यावर जाऊन पडते का, हे दोन्ही यात उघडे पडते. आणखी एका चाचणीत नमुना भरून यंत्र बराच वेळ गप्प बसवले जाते आणि मग भांडी गळली का ते पाहिले जाते. कड्यांच्या काळातली बुद्धिबळाच्या पटाची युक्तीच इथे अधिक हुशार होऊन आली आहे. एक फेरी निर्दोष गेली म्हणून मेमरी चांगली ठरत नाही. गरम झाल्यावरच चुकणाऱ्या चिपा असतात, म्हणून रात्रभर चाचणी लावून ठेवण्याची चाल पडली. उलट एक जरी चूक लाल अक्षरांत दिसली तरी ती चूकच. तिला ‘एवढी चालते’ असे माप नसते.

मूळ प्रोग्रॅम मागे पडू लागल्यावर २००४ मध्ये सॅम्युएल दमलमेस्तेर यांनी त्याची मेमटेस्ट८६+ ही शाखा काढली. मूळ मेमटेस्ट८६ चा सांभाळ २०१३ पासून पासमार्क या कंपनीकडे गेला. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून स्वतःची मेमरी चाचणी विंडोजमध्येच दिली. लिनक्ससाठी रिक व्हान राइन यांनी ‘बॅडरॅम’ ही जोडणी लिहिली. तिने खराब पत्ते वगळून उरलेली पट्टी वापरता येई. सिंक्लेअरने कारखान्यात केले तेच इथे घरी करता येऊ लागले.

चूक कुठल्या पत्त्यावर झाली ते मेमटेस्ट सांगतो, पण कुठल्या पट्टीत झाली ते घरच्या यंत्रावर त्या पत्त्यावरून ठरवणे अवघड झाले, कारण दोन पट्ट्या जोडीने चालू लागल्यावर लागोपाठचे पत्ते दोघींत वाटले जातात. त्यामुळे जुनीच रीत परत आली. एक पट्टी ठेवायची, बाकीच्या काढायच्या, चाचणी घ्यायची. चूक आली तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब, स्लॉटशी राहिली तर स्लॉट किंवा मदरबोर्ड. एएमडीने २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये आणि इंटेलने २००८ च्या नेहलेम पिढीत मेमरीचे नियंत्रण मदरबोर्डावरच्या चिपेतून उचलून प्रोसेसरमध्ये नेले. त्यानंतर संशयितांत प्रोसेसर आणि त्याच्या सॉकेटमधली वाकलेली टोकेही आली. आणखी एक संशयित मालक स्वतः असतो. २००७ मध्ये इंटेलने आणलेल्या एक्सएमपी या सोयीने मेमरी तिच्या मानक वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे एका कळीचे काम झाले. पाकिटावर छापलेला वेग बहुधा हा वाढवलेला वेग असतो. तो उतरवून चुका थांबल्या तर पट्टी बिघडलेली नाही, ताणलेली आहे.

अवकाशातल्या किरणांचे काय, या प्रश्नाला मोठ्या प्रमाणावरचे उत्तर २००९ मध्ये मिळाले. बियांका श्रोडर यांनी गूगलमधल्या एदुआर्दो पिन्येरो आणि वोल्फ-डीट्रिख वेबर यांच्यासह तिथल्या सर्व्हरांच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासल्या. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चूक आढळली, आणि चुका प्रामुख्याने कायमच्या दोषांमुळे होत्या, क्षणिक नव्हत्या. दोन वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती आणि तत्सम पीसींच्या बंद पडण्याच्या नोंदी पाहिल्या. ज्या यंत्रात मेमरीमुळे एकदा बिघाड झाला त्यात तो पुन्हा होण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त निघाली. किरणांच्या गोष्टी खोट्या नाहीत. २००३ साली बेल्जियममधल्या स्खारबेक इथे मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त मिळाली होती. हा आकडा दोनाचा बारावा घात आहे, म्हणजे नेमका एक बिट उलटला, आणि किरणांवर संशय घेतला गेला. पण घरातला संगणक आठवड्यातून तिसऱ्यांदा निळा पडला असेल तर आकाशाकडे पाहण्यात अर्थ नाही, पेटी उघडण्यात आहे.

२०१४ मध्ये यूंगू किम, ओनुर मुतलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मेमरीतली एक ओळ फार वेगाने पुन्हा पुन्हा वाचली की शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. त्यांनी तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० मध्ये हे घडले. या पट्ट्या कुठल्याही अर्थाने बिघडलेल्या नव्हत्या, दुकानातून घेतलेल्या चालू मालापैकी होत्या. कड्यांच्या मेमरीतली शेजाऱ्याची कुजबुज साठ वर्षांनी चिपेत ऐकू आली होती. मेमटेस्टमध्ये तीही चाचणी घालण्यात आली.

भांडी आता इतकी लहान झाली आहेत की कारखान्यालाच ती सावरता येईनात. जुलै २०२० मध्ये ठरलेल्या डीडीआर५ मानकानुसार प्रत्येक चिपेच्या आत दर १२८ बिटांमागे ८ जादा बिट असतात आणि एका बिटाची चूक चिप आतल्या आत सुधारते. हॅमिंग यांची कल्पना अखेर घरच्या पट्टीत शिरली, पण अर्धीच. सुधारलेली चूक चिप घरच्या मालकाला कळवत नाही, आणि चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी घरच्या संगणकातून पूर्ण चूक-सुधारणा वगळल्याबद्दल इंटेलवर जाहीर टीका केली होती. डीडीआर४ ची सर्व्हरसाठीची पट्टी हातात घेऊन चिपा मोजल्या तर साधारणपणे नऊ किंवा अठरा भरतात, डीडीआर५ च्या सर्व्हर-पट्टीवर आठांमागे बहुधा दहा. घरच्या पट्टीवर बहुधा आठच असतात.